मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा धूसर : भिंगामागचा पडदा आणि याग लेसर

खाडीकाठ

ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षं लख्ख दिसतं आणि मग हळूहळू धुकं चढायला लागतं. घरात लगेच निदान होतं, ‘मोतीबिंदू परत आला’ किंवा ‘डॉक्टरने लेन्स हलकी टाकली’. दोन्ही चूक, आणि या दोन समजुतींपायी लोक नसत्या ठिकाणी पैसे घालतात, म्हणून हा धागा. या विषयात काम करणाऱ्यांनी भर घालावी.

आधी डोळ्यात काय घडतं ते. आपलं नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये पिशवीच्या पुढच्या भागाला साधारण ५ ते साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड पाडतात, गढूळ झालेलं भिंग आतून काढतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीची मागची भिंत मुद्दाम शाबूत ठेवतात, कारण तिच्यामुळे भिंग जागेवर राहतं आणि मागचा जेलीसारखा द्रव पुढे येत नाही. ही भिंत मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाडीची.

पिशवीच्या कडेला, घडीच्या आत, मूळ भिंगाच्या पेशी चिकटलेल्या असतात. कितीही नीट साफ केलं तरी त्यातल्या काही उरतात. जिवंत पेशी त्या, वाढतात आणि मागच्या भिंतीवरून मध्याकडे सरकतात. नजरेच्या वाटेत त्यांचा थर, म्हणजेच हा ‘पडदा’, आला की धूसर दिसू लागतं. कृत्रिम भिंग बहुधा ॲक्रिलिक या प्लास्टिकचं असतं, त्याला मोतीबिंदू होत नाही.

थर दोन तऱ्हेचा असतो. एकात पेशी फुगून गोलगोल होतात. बाहुली मोठी करून मागून उजेड टाकला की स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) अगदी गाबोळीसारखं दिसतं, एकाला एक लागून पारदर्शक दाणे. दुसऱ्यात भिंत जाड, पांढुरकी होते आणि तिला सुरकुत्या पडतात. दाण्यांनी धूसरपणा येतो. सुरकुत्यांनी दिव्याच्या उजेडाला लांब रेघा फुटतात. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचा आडवा पट्टा दिसतो अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा ही सुरकुती असते.

---

माडबनी

आमच्या हंय सगळे ‘मोतीबिंदू परत इलो’ असांच म्हणतत. पण एक शंका आसा. जुन्या माणसांका ऑपरेशन झाल्यावर असो पडदो कधी येय नसलो. मगे आताच्या भारी मशीनान केल्यावर कसो येता?

---

लाटघर_नेत्र

@माडबनी, निरीक्षण अगदी बरोबर आहे. जुन्या पद्धतीत अख्खं भिंग पिशवीसकट बाहेर काढत. अतिथंड टोकाची सळई भिंगाला चिकटवायची आणि सगळं एकत्र ओढून काढायचं. पिशवीच उरली नाही, तर पडदा धरणार कशावर? पण त्याची किंमत मोठी होती. डोळ्यात भिंग बसवायला आधार नसायचा, म्हणून ती माणसं १० नंबरच्या आसपासचा जाड चष्मा लावून फिरत. कडेचं काही दिसायचं नाही, वस्तू आहे त्याहून मोठी आणि जवळ भासायची, पायरीचा अंदाज चुकायचा. दृष्टिपटल (डोळ्याच्या मागच्या बाजूचं उजेड टिपणारं अस्तर) सुटण्याचं प्रमाणही जास्त होतं. पिशवी ठेवण्याचा फायदा इतका मोठा आहे की पडद्याची जोखीम पत्करण्यासारखी ठरते, कारण पडदा याग लेसरने पाच-दहा मिनिटांत दूर करता येतो.

प्रमाण किती, हे लोक विचारतात. अनेक अभ्यास एकत्र करून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात एका वर्षात सुमारे १२ टक्के, तीन वर्षांत २१ टक्के आणि पाच वर्षांत २८ टक्के डोळ्यांत पडदा आढळला होता. पुढे भिंगाची मागची कड काटकोनी, धारदार केली जाऊ लागली. ती भिंतीवर घट्ट दाबून बसते, त्यामुळे पेशींना मध्याकडे सरकायला वाव कमी मिळतो आणि प्रमाण बरंच उतरलं. पाणी न शोषणाऱ्या ॲक्रिलिकच्या भिंगांत पडदा कमी येतो, पाणी शोषणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये जास्त.

भिंगाइतकंच सर्जनच्या हाताला महत्त्व. पुढचं गोल तोंड भिंगाच्या ६ मिलिमीटरच्या चकतीपेक्षा थोडं लहान हवं आणि त्याची कड चारी बाजूंनी चकतीवर चढलेली हवी. एका बाजूला कड भिंगावरून सुटली की बहुधा पडदा त्याच बाजूने शिरतो.

---

सह्याद्री_पायथा

म्हणजे शिबिरात फुकट टाकलेल्या भिंगाला जास्त पडदा आणि खाजगीत चाळीस हजार मोजले की नाही, असं समजायचं का? गावात हाच प्रचार चालतो.

---

लाटघर_नेत्र

नाही, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. शिबिरांतून बऱ्याचदा लहान छेदाची, टाका न घालण्याची पद्धत वापरतात आणि पीएमएमए या कडक प्लास्टिकचं, न दुमडणारं भिंग बसवतात. या जुन्या प्रकारच्या भिंगांत पडद्याचं प्रमाण दुमडणाऱ्या ॲक्रिलिकपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण काटकोनी कडेची पीएमएमए भिंगंही मिळतात आणि ती चांगली चालतात. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भारतात स्वस्त भिंगं बनवायला घेतली म्हणून तर लाखो गरिबांच्या डोळ्यांत भिंग बसू शकलं. आणि महाग भिंगालाही पडदा येतो. उलट बहुकेंद्री (दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारं) भिंग असेल तर थोडासा पडदाही जास्त जाचतो, कारण त्या भिंगात उजेड आधीच दोन-तीन ठिकाणी वाटला गेलेला असतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबलेल्या डोळ्यात मागच्या भिंतीवर पांढरा डाग घट्ट चिकटलेला सापडू शकतो. तो खरवडायला गेलं तर भिंत फाटते, म्हणून सर्जन शहाणपणाने तसाच ठेवतो. अशा माणसाला पट्टी काढल्या दिवसापासूनच मधोमध धूसर दिसतं. ती चूक नाही, त्याला नंतर लेसर करतात. ‘आंबा आटपूंदे, मग बघू’ म्हणत दोन-तीन हंगाम ढकलणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरं, वय जितकं कमी तितका पडदा लवकर. लहान मुलांत तर तो जवळपास ठरलेलाच, म्हणून लहान वयाच्या मुलांत सर्जन त्याच ऑपरेशनमध्ये मागच्या भिंतीला खिडकी पाडून ठेवतात. मुलाच्या डोळ्यासमोर पडदा राहिला तर मेंदू त्या डोळ्याचा वापरच सोडतो आणि डोळा आळशी होतो. पुन्हा पुन्हा डोळा आतून सुजण्याचा आजार असणाऱ्यांतही पडदा लवकर येतो.

---

नेत्रसहाय्यक_दापोली

लेसरकडे जायच्या आधी थोडं थांबून तपासणीबद्दल लिहितो. इथे सर्वांत जास्त घोळ होतो.

ऑपरेशननंतर धूसर दिसण्याला पडदा हे एक कारण झालं. किती काळाने आणि कसं धूसर झालं, यावरून बरंच कळतं. महिनोन्‌महिने हळूहळू, न दुखता, न लाल होता नजर उतरली तर पडद्याची शक्यता मोठी. चार ते बारा आठवड्यांत मधलंच धूसर झालं, अक्षरं वाकडी दिसू लागली तर दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला सूज आली असेल, आणि तिथे लेसर मारणं म्हणजे आगीत तेल. एका दिवसात नजर गेली, डोळा लाल आहे, ठणकतोय, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

मग पिनहोल. काळ्या चकतीतल्या बारीक छिद्रातून तक्ता वाचायला लावायचा. दोन-तीन ओळी जास्त वाचता आल्या तर आधी चष्म्याचा नंबर काढायचा. ऑपरेशननंतर सव्वा महिन्यात अंतिम नंबर काढायलाच गेलेले नाहीत असे लोक भरपूर असतात, आणि त्यांचा ‘पडदा’ कधीकधी नव्या चष्म्याने जातो.

बाहुली मोठी करून तपासताना एक सोपा ठोकताळा आहे. डॉक्टरला आत पाहताना जितकं धूसर दिसतं, साधारण तितकंच रुग्णाला बाहेर पाहताना दिसायला हवं. दृष्टिपटल स्वच्छ दिसतंय आणि रुग्ण मात्र तक्त्यावर ६/३६ च वाचतोय (चांगली नजर म्हणजे ६/६), तर दोष दुसरीकडे शोधा : मधुमेहाची सूज, वयोमानाने मध्यबिंदू झिजणं, काचबिंदूने नस वाळणं, बुब्बुळाला सूज. मधुमेह असेल तर ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांचं स्कॅन) केल्याशिवाय लेसर करून घेऊ नये, या मताचा मी आहे. हजार-दीड हजार वाचवायला जाऊन मागाहून पस्तावा नको.

आणखी एक. पाणी शोषणाऱ्या ॲक्रिलिकच्या काही भिंगांत वर्षांनंतर कॅल्शियमचे बारीक कण साठून भिंगच दुधाळ होतं. वरवर पाहिलं तर पडद्यासारखं वाटतं. तिथे लेसर केला तर नजर सुधारत नाही आणि मागची भिंत उघडल्यामुळे नंतर भिंग बदलणं अवघड होऊन बसतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी दिलेलं भिंगाचं कार्ड, स्टिकर लावलेलं, रेशनकार्डाइतकं जपा. त्यावर भिंगाचं नाव, पॉवर आणि अनुक्रमांक असतो.

---

हर्णैबंदर

उपयुक्त धागा. प्रत्यक्ष लेसर कसा होतो ते कोणी सविस्तर लिहील का? बंदरावर ‘डोळा जाळतात’ अशी भीती आहे. आणि बोटीवर परत कधी जाता येतं?

---

लाटघर_नेत्र

@हर्णैबंदर, जाळत नाहीत. सविस्तर लिहितो.

यंत्राचं नाव निओडिमियम याग. किरण १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. काही अब्जांश सेकंदाचा एकेक फटका एका सूक्ष्म बिंदूवर एकवटतो, तिथे क्षणभर ठिणगी होते आणि तिच्या धक्क्याने भिंत फाटते. मधुमेहात दृष्टिपटलाला शेक देतात तो लेसर वेगळा, चष्मा घालवायचा तो वेगळा. आणि यागने मूळ मोतीबिंदू काढता येत नाही. तशी जाहिरात कोणी केली तर दोन हात दूर राहा. या कामाला यागचा वापर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाला.

उपाशी राहायचं नाही. बीपी, मधुमेहाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या, रक्त पातळ करणारी गोळीही बंद करायची गरज नसते. बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिनचे मिश्र थेंब घालतात. बीपी फार चढलेलं असेल किंवा हृदयविकार असेल तर आधी सांगा, मग नुसतं ट्रॉपिकामाइड वापरतात. डोळ्याचं प्रेशर चढू नये म्हणून अर्धा-एक तास आधी ब्रिमोनिडिन किंवा ॲप्राक्लोनिडिनचा एक थेंब. मग बधिर करणारा प्रोपॅराकेनचा थेंब. सुई नाही, टाका नाही.

हनुवटी पट्टीवर, कपाळ वरच्या पट्ट्याला घट्ट टेकवायचं. कपाळ एक केस मागे सरकलं तरी नेम चुकतो, म्हणून डोक्याला पट्टा बांधतात. डोळ्यावर जेल लावून छोटं भिंग ठेवतात. त्याने पापणी मिटत नाही आणि किरण जास्त नेमका एकवटतो. नेम धरायला लाल ठिपके असतात. डॉक्टरला भिंतीवर आधी दोन ठिपके दिसतात. यंत्र पुढेमागे करत ते एकात एक मिसळले की नेम बरोबर भिंतीवर आला. तिथून नेम किंचित मागे, मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांश इतका, ढकलायचा. कारण धक्का पुढच्या दिशेने पसरतो आणि नेम भिंगावर आला तर भिंगाला कायमचा खड्डा पडतो. मधोमध असे पाच-सहा खड्डे पडले तर रात्री दिव्यांभोवती चमक वाढते.

ऊर्जा १ ते दीड मिलिज्यूलपासून सुरू करायची आणि भिंत फाटत नसेल तरच हळूहळू वाढवायची. दाण्यांचा थर असेल तर कमी पुरते, जाड पांढुरक्या भिंतीला २-अडीच लागते. ताणलेल्या सुरकुतीवर आडवा फटका दिला की ती स्वतःच ताणाने उघडते आणि बरेच फटके वाचतात. कोणी अधिक चिन्हासारखं उघडतं, कोणी गोलाकार. गोलाकारात भिंगाचा मध्य वाचतो, पण सुटलेला मोठा तुकडा मागे तरंगत राहून काही आठवडे दिसू शकतो. खिडकी साडेतीन ते साडेचार मिलिमीटरची हवी. लहान ठेवली तर रात्री बाहुली मोठी झाल्यावर कडा नजरेत येतात. भिंगाच्या कडेपर्यंत मात्र न्यायची नाही.

रुग्णाला ‘टिक, टिक’ असा आवाज येतो आणि उजेड चमकतो, इतकंच. बहुतेकांचं पाच ते दहा मिनिटांत आटोपतं.

---

नेत्रसहाय्यक_दापोली

यात भर : लेसरनंतर लगेच गाडी धरू नका. प्रेशर चढायचं झालं तर ते पहिल्या काही तासांत चढतं, म्हणून एका तासाने प्रेशर मोजून मगच सोडायला हवं. काचबिंदू असणाऱ्यांनी तर आणखी थांबावं, आणि आपले काचबिंदूचे थेंब त्या दिवशी चुकवू नयेत. शेवटची एसटी पकडायच्या घाईत हे राहतं. घरी गेल्यावर डोळा ठणकणं, त्याच बाजूचं डोकं दुखणं, उलटी, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडं, यातलं काहीही झालं तर फोन करून परत या.

बाहुली चार-सहा तास मोठी राहते. जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. दुचाकी स्वतः चालवत येऊ नये, सोबत माणूस आणि काळा चष्मा आणावा. भर दुपारी वाळूवर किंवा खाडीच्या पाण्यावर उजेड इतका परावर्तित होतो की लोक घाबरतात, ‘बिघडलं’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुली पूर्ववत झाल्यावर खरा फरक कळतो.

---

लाटघर_नेत्र

थेंब : सूज कमी करणारे, दिवसातून चार वेळा, साधारण आठवडाभर. स्टेरॉइडचे असतील तर सांगितलेल्या मुदतीपलीकडे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका, त्यानेच प्रेशर वाढतं. मेडिकलवाल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून बाटलीवर बाटली घेण्याची सवय फार वाईट.

@हर्णैबंदर, बोटीबद्दल. लेसरमध्ये बाहेरून जखम होत नाही, त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसारखं पथ्य नसतं. डोक्यावरून अंघोळ त्याच दिवशी चालते. दुसऱ्या दिवशी बाहुली पूर्ववत झाली की बोट, बाग, स्वयंपाक सगळं चालतं. माडावर चढणाऱ्या पाडेल्यांनी मात्र दोन्ही डोळ्यांनी अंतराचा अंदाज नीट येतोय ना, हे जमिनीवर तपासून मगच चढावं. मूळ मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सोयीची, कारण त्यात महिनाभर खारं पाणी आणि घाण डोळ्यात जाऊ द्यायची नसते. लेसरला त्यासाठी थांबायचं कारण नाही.

आता धोक्याचं. हजारात काही जणांत, विशेषतः मोठा मायनस नंबर असलेल्या लांबट डोळ्यांत आणि कमी वयाच्या पुरुषांत, पुढच्या महिन्यांत दृष्टिपटल सुटू शकतं. एखाददुसरा काळा ठिपका तरंगताना दिसणं पहिल्या काही दिवसांत स्वाभाविक आहे, ते फाटलेल्या भिंतीचे कण. पण एकदम काजळीसारखे असंख्य ठिपके, कडेला विजेसारखी चमक किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत येणं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. दृष्टिपटलाचं ऑपरेशन करणारे सर्जन किनारपट्टीवर मोजके. सिंधुदुर्गातून गोवा, कोल्हापूर किंवा बेळगाव, उत्तर रत्नागिरीतून पुणे-मुंबई, अशी धाव असते. पावसात घाट बंद आहे का, हे निघण्याआधी पाहा. त्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू भरला असेल तर तो विरेपर्यंत सर्जनला विचारल्याशिवाय घाट चढायचा नाही. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर चढतं. विमान तर नाहीच.

---

सह्याद्री_पायथा

पडदा आहे असं सांगितलं पण ६/९ दिसतंय, त्रास फारसा नाही. तरी लगेच करून टाकायचा का? आणि तो परत येतो का? मध, गुलाबपाणी किंवा ‘पडदा विरघळवणारे’ थेंब यांचा उपयोग?

---

खाडीकाठ

उलट्या क्रमाने. थेंबांनी हा पडदा विरघळत नाही, कुठल्याच नाही. थर भिंगाच्या मागे आहे, तिथवर मध पोचत नाही. पोचतं ते बुब्बुळापर्यंत, आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर कायमचं फूल पडतं. कृपा करून काहीही घालू नका.

एकदा नीट खिडकी झाली की मधला भाग सहसा पुन्हा बंद होत नाही, कारण पेशींना सरकायला तिथे भिंतच उरत नाही. क्वचित कडेने दाणे वाढतात, तेव्हा थोडं साफ करावं लागतं.

६/९ असेल आणि काम अडत नसेल तर थांबायला हरकत नाही. सहा महिन्यांनी दाखवा. पडदा वाढला म्हणून डोळा कायमचा खराब होत नाही, आज केलं नाही तर नंतरही तेवढाच उपयोग होतो. लहान मुलं याला अपवाद. पण तक्त्यावर ६/९ वाचणाऱ्याला रात्री आंबोली किंवा फोंडा घाटात समोरच्या दिव्यांनी काहीच दिसत नसेल, तर त्याच्यासाठी तो पडदा पुरेसा मोठा आहे. तक्ता अंधाऱ्या खोलीत पांढऱ्यावर काळा असतो, घाटातली चमक तो मोजत नाही. डॉक्टरला ‘कमी दिसतं’ एवढंच न सांगता, कुठे, कधी आणि काय करताना अडतं ते सांगा.

ऑपरेशनला तीन महिने व्हायच्या आत लेसर शक्यतो टाळतात, कारण तोवर पिशवी भिंगाभोवती नीट बसलेली नसते आणि मध्यबिंदूच्या सुजेचा काळही तोच. बहुकेंद्री भिंग मुळातच पसंत पडलेलं नाही, अशी तक्रार असेल तर आधी तो विषय संपवा. भिंत उघडल्यावर भिंग बदलायला गेलं तर मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो आणि सोपं काम जोखमीचं होतं.

---

माडबनी

आणि ह्या यंत्र खंय आसता? तालुक्याक मिळात?

---

नेत्रसहाय्यक_दापोली

@माडबनी, प्रत्येक तालुक्याला नसतं. जिथे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तिथेच असेल असंही नाही. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे नजर आणि प्रेशर तपासून घ्या, जिल्हा रुग्णालयात चौकशी करायची चिठ्ठी ते देतील. निघण्याआधी फोनवर एवढं विचारा : याग यंत्र चालू आहे का, लेसर कोणत्या वारी करतात, त्याच दिवशी तपासणी आणि लेसर दोन्ही होईल का, नंतर प्रेशर मोजतात का. खाजगीत विचारताना तपासणी, ओसीटी आणि थेंब धरून एकूण किती ते विचारा. ही बाह्यरुग्ण प्रक्रिया असल्याने विमा असेल तर डे-केअरच्या यादीत ती आहे का तेही आधी पाहून घ्या.

सोबत न्यायचं : डिस्चार्ज कार्ड, भिंगाचं कार्ड, चालू चष्मा, सगळ्या औषधांच्या पट्ट्या, काचबिंदूच्या थेंबांची बाटली. लेसर झाल्यावर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा नंबर तपासा, थोडा बदललेला असू शकतो. तोवर नवा चष्मा करू नका.